परक्या गाडीतला आराम

ब्रेक अख्ख्या तळपायाखाली आला आणि ओरिस्या दचकली.

म्हणजे तसं पाहिलं तर काहीच झालं नव्हतं. मॅकग्रेगर स्ट्रीटवरचा सिग्नल लाल झाला, तिनं पाय दाबला, गाडी बर्फावर जराशी घसरली, जराशी कुरकुरली आणि शहाण्यासारखी थांबली. पुढच्या ट्रकमागून निघालेली वाफ जागच्या जागी उभी होती, विरायचं नाव नाही. उणे सदतीसला वाफसुद्धा आळशी होते. वर सूर्याच्या दोन्ही बाजूंना दोन खोटे सूर्य निघाले होते, फार थंडी पडली की निघतात तसे. सगळं नेहमीसारखं. पण पाय! तिचा पाय ब्रेकवर असा ऐसपैस कधी पडत नसे. रोज तिला सीटच्या अगदी काठावर यावं लागे, कोंबडी दांडीवर बसते तसं, पाठ टेकायची सोयच नाही, आणि मग पोटरी ताणून बुटाच्या चवड्यानं ब्रेक चाचपायचा. मांडीच्या मागे एक शीर होती, ती प्रत्येक सिग्नलला 'आई गं' म्हणायची. ओरिस्या तिला मनातल्या मनात म्हणायची, गप गं. आज ती शीर आपली आपणच गप्प होती. पाठ मस्त टेकलेली होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती गुणगुणत होती. चर्चच्या हॉलपासून इथपर्यंत ती चक्क गुणगुणत आली होती, गाडी चालवताना, एकटी, लायसन्स मिळाल्यापासून पहिल्यांदा! तिनं गुणगुणणं अर्ध्यात तोडलं. अंगातल्या पार्काचं, जाड कोटाचं, टोपडं मागे टाकलं. टोपड्याच्या फरमधून जग नेहमी बोगद्याच्या तोंडाएवढं दिसतं, आता सगळं एकदम दिसलं. आरशाला लाकडी मण्यांची जपमाळ लटकत होती. स्टिअरिंगला फुलाफुलांचा टॉवेल गुंडाळलेला. पेपरमिंटच्या बामचा वास. मागच्या सीटवर लहान मुलाला बसवायची उंच गादी, आणि तिच्यावर एकुलता एक गुलाबी हातमोजा, पंजा वर करून, जणू विचारत होता, काय गं, तू कोण?

मागच्यानं हॉर्न दिला. सिग्नल हिरवा झाला होता. ओरिस्यानं गाडी पुढे काढून बर्फाच्या ढिगाशेजारी कडेला घेतली आणि दोन्ही हात टॉवेलवर ठेवून बसून राहिली. कुणाची तरी गाडी आपण पळवली आहे हे तिला कळलं होतं. पण त्याची भीती वाटायला अजून वेळ होता, ती रांगेत मागे उभी होती. रांगेत पहिलं उभं होतं ते वेगळंच. आपण तातोची गाडी ओळखली नाही. तातोची, आपल्या बाबांची गाडी! जिच्याबद्दल तिनं सगळ्या वर्गाला सांगून ठेवलं होतं की डोळ्यांना पट्टी बांधा, शंभर गाड्यांमध्ये बसवा, मी नुसत्या वासानं सांगेन. डिझेल आणि सूर्यफुलाच्या भाजलेल्या बिया. दाराच्या खिशात अजून टरफलं होती, तातोनं रेल्वे यार्डातून घरी येता येता दातांनी फोडलेली, आणि तिनं ती एकदाही झटकली नव्हती. स्टिअरिंगला काळी चिकटपट्टी होती, ती अंगठ्याखाली येते. रेडिओचं एक बटण आत गेलेलं. एवढं सगळं पाठ असून, त्यातलं काहीही जागेवर नसताना, ती इतके सिग्नल ओलांडून आली आणि तिला काय वाटलं? आराम वाटला. बरं वाटलं. तिनं गाणं म्हटलं.

चूक व्हायला कारण होतं, आणि या शहरात अशी चूक कुणाचीही झाली असती असं नंतर सगळे म्हणाले. पण ते नंतर. शनिवारी सकाळी चर्चमागच्या हॉलमध्ये बाया पिरोही करतात, मैद्याच्या पारीत सारण भरून अर्धचंद्रासारख्या मिटायच्या, गोठवून पिशव्या भरायच्या. शहराचा अख्खा नॉर्थ एंड त्या न्यायला येतो. आणि अशा थंडीत गाडी बंद करून आत जाणं म्हणजे परत आल्यावर ती सुरू होईल की नाही यावर पैज लावणं, म्हणून सगळे जण गाडी चालूच ठेवतात, किल्ली आत, दार नुसतं लोटलेलं, आणि धावत जाऊन धावत येतात. मैदानात वाफा सोडणाऱ्या गाड्यांची रांग. त्यातही दोन जुन्या करड्या कोरोला शेजारी शेजारी, दोन्हींवर रस्त्यावरच्या मिठाचा तोच पांढरट लेप, नंबरपाट्या बर्फानं लिंपलेल्या, दोन्हींच्या पुढच्या जाळीतून इंजिन गरम ठेवायच्या वायरीचं शेपूट लोंबतंय. ओरिस्या हॉलच्या उबेतून बाहेर आली तेव्हा चष्म्यावर आधी वाफ धरली आणि पावलाभरात त्या वाफेचा बर्फ झाला. नाकातले केस ताठ. दोन्ही हातांत पिशव्या. एक करडा धूसर आकार दिसला, दार उघडलं, पिशव्या शेजारच्या सीटवर फेकल्या आणि निघाली. गार पडलेली चाकं पहिले काही क्षण चौकोनी होतात, गाडी ठक ठक उडत जाते. त्या उडण्यात कोण काय ओळखणार!

पण शरीरानं तरी ओळखायला हवं होतं, असं तिला वाटलं. डोक्यानं नाही तर नाही, मांडीनं तरी.

ऑक्टोबरमध्ये लायसन्स मिळालं तेव्हा शिकवणारे गृहस्थ म्हणाले होते, पोरी, सीट पुढे घे. ती म्हणाली, घेते. त्यांच्या गाडीत घेतली. घरी येऊन तातोच्या गाडीत बसली आणि सीटखालच्या दांडीला हात लावून तसाच काढून घेतला. तातो उंच होता, चर्चच्या दारात वाकायचा, आणि त्या एवढ्याशा गाडीत घडी घालून ठेवल्यासारखा बसायचा. सीट जिथे होती तिथे त्यानं ती शेवटची ठेवली होती, मार्चमधल्या त्या मंगळवारी, यार्डात जाताना. अगदी शेवटच्या खाचेत नाही. कुठेतरी मागे, पण शेवटच्या नाही. किती खाचा मागे, ते ओरिस्यानं कधी मोजलं नव्हतं. मोजलं असतं तर सरकवता आलं असतं ना! परत लावता येते म्हटल्यावर कुणीही सरकवेल. न मोजल्यामुळेच ती तिथे राहिली होती. आई गाडी चालवत नसे, ती शेजारी बसायची आणि दर वेळी तेच सुरू करायची, "सीट पुढे घे, ओरिस्या. मेलेल्या माणसाचे पाय लांब होते म्हणून जित्या पोरीनं जाऊन खांबावर आदळायचं का?" ओरिस्या म्हणायची, "मामो, माझे पाय पोचतात." "पोचतात! जिराफासारखी मान काढून बसतेस आणि म्हणे पोचतात." आई असं बोलू शकायची याचंच तिला नवल वाटे. आईनं तातोचे कपडे एप्रिलमध्येच चर्चला देऊन टाकले होते. यार्डाचे बूट शेजारच्यांना. आई म्हणजे बर्फ उपसायचं फावडं, सरळ रेघेत सगळं साफ. म्हणूनच तर ओरिस्याला सीट सांभाळायला हवी होती. घरात कुणीतरी काहीतरी जिथल्या तिथे ठेवायला नको का?

आणि आता ती कुठे होती? हॉलच्या मैदानात एकटी वाफ सोडत उभी. कुणीही दार उघडून आत बसू शकत होतं. या विचारासरशी मागे थांबलेली भीती रांग मोडून धावत पुढे आली. ओरिस्यानं गाडी वळवली. वळवताना पाय छान पोचत होता, आणि त्या पोचण्याचा तिला इतका राग आला की तिनं मुद्दाम काठावर सरकून पाहिलं. गुडघे जाऊन स्टिअरिंगखाली अडकले. परक्या गाडीत दुःखसुद्धा नीट करता येत नव्हतं.

मैदानात करडी कोरोला नव्हती. जिथे ती होती तिथे काळवंडलेल्या बर्फाचा चौकोन होता आणि त्यात एक कावळा.

हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि कांद्याच्या फोडणीसारखा आवाज एकदम अंगावर आला.

"आली! आली बघा चोरटी!" तेता स्टेफा पिठाचे हात वर करून ओरडली. तेता म्हणजे मावशी. नात्यानं कुणाचीच नाही आणि म्हणून सगळ्यांची. "ये, ये, हात वर कर!"

"तेता, माझी गाडी—"

"गेली तुझी गाडी. लुझ घेऊन गेली."

"कोण लुझ?"

"अगं, लुझविमिंदा. फिलिपिनो. एवढीशी आहे, तुझ्याएवढी. वृद्धाश्रमात काम करते. बटाट्याच्या नेते आणि दर शनिवारी माझ्याशी भांडते, चीज कमी घातलंस म्हणून. मी चीज कमी घालते होय?"

"कधीतरी घालतेस," पारी लाटणारी एक म्हातारी म्हणाली.

"तू लाट. तर ती बाहेर गेली आणि तश्शी आत आली. म्हणते, स्टेफा, माझी गाडी कुणी नेली, पण अगदी तसलीच एक इथे चालू उभी आहे. मी म्हटलं, पोलिसांना फोन कर. ती म्हणते, पोलीस येईपर्यंत माझी नात स्केटिंगच्या रिंकच्या दारात उभी राहून काठी होईल. जिनं माझी नेली तिला चूक कळेल, ती येईल, आली की रिंकवर पाठव. आणि बसली तुझ्या गाडीत."

"आणि तुम्ही जाऊ दिलंत?"

"मग काय पाय धरू तिचे? पोर थंडीत उभं होतं, गाडी चालू होती. तू असतीस तर काय केलं असतंस?"

ओरिस्यानं तेच केलं असतं. हेच तर वाईट होतं. रागवायलासुद्धा कुणी हाती लागत नव्हतं.

"पण काय गं," लाटणारी म्हातारी डोळे मिचकावत म्हणाली, "बापाची गाडी ओळखू येईना होय तुला?"

सगळ्या हसल्या. थट्टाच होती, तिच्यात विष नव्हतं, म्हातारी तर तातोला पुरल्यानंतरच्या जेवणाला रडली होती. ओरिस्याही हसली. हसताना तिला वाटलं की आपला चेहरा पारीसारखा कुणीतरी कडेकडेनं चिमटून मिटवतंय. तेता स्टेफा जवळ आली आणि पिठाचं बोट तिच्या नाकाला लावून म्हणाली, "जा, दोन्यू, जा पोरी. गाडी कुठे पळून जात नाही."

गाडी नाही. सीट.

रिंक फार लांब नव्हता, पण त्या दिवशी तो लांब गेला. ओरिस्या सारखं एकच चित्र बघत होती: एवढीशी बाई, तिच्याएवढीच, दार उघडून आत बसते, पाय पुढे करते, पाय कुठेच लागत नाहीत. मग ती काय करेल? कुणीही काय करतं? वाकेल, दांडी ओढेल, खट् खट् खट्. तेवढंच. तेवढ्यात संपलं. एखादे वेळी घाईत तशीच गेली असेल? नात थंडीत उभी होती ना, घाई असणारच. पण घाईतल्या माणसाला तर ब्रेक जास्तच लागतो. कदाचित लाजाळू असेल, दुसऱ्याच्या गाडीत कशाला हात लावायचा म्हणून... दर शनिवारी चीजवरून भांडणारी बाई लाजाळू कशी असेल? ओरिस्यानं बामाच्या वासात खोल श्वास घेतला. रस्त्याकडेच्या घरांसमोर गाड्या उभ्या होत्या, प्रत्येकीची वायर भिंतीत खोचलेली, गोठ्यातल्या गाईंसारख्या. रात्रभर इंजिन जरासं कोमट ठेवायचं, म्हणजे सकाळी ते जागं होतं. झोपण्याआधी वायर खोचायचं काम तातोचं होतं. स्लिपरवर, नुसता शर्ट घालून जायचा, आई आतून ओरडायची, तो ओरडायचा, "एवढ्यात कोण मरतंय!" आणि मार्चमध्ये त्याला पुरायचं ठरलं तेव्हा स्मशानभूमीतल्या माणसानं आईला समजावून सांगितलं होतं की जमीन फार खोलवर गोठली आहे, आधी तिच्यावर लोखंडी झाकण घालून रात्रभर तापवावी लागेल, मग खोदता येईल. आई म्हणाली, बरं. ओरिस्या त्या रात्री अंथरुणात पडून एकच विचार करत होती, की शहराबाहेर तिथे बर्फात एवढाच एक तुकडा कोमट होत असेल, एका माणसाच्या मापाचा. लांब मापाचा. त्यांनी माप विचारलं होतं. कुणी सांगितलं होतं माप? आईनंच. न अडखळता, इंचासकट.

रिंकच्या दाराशी तातोची गाडी उभी होती. आता मात्र तिनं लांबूनच ओळखली, आणि त्याचाही तिला राग आला. आता काय उपयोग! काचेवर आतून धुकं धरलं होतं, त्यावर कुणीतरी बोटानं मांजर काढलं होतं. ओरिस्या उतरेपर्यंत तिकडचं दार उघडलं आणि टोपडं, मफलर, त्यावर आणखी एक मफलर अशी एक बाई खाली आली. मफलरांच्या फटीतून नुसते डोळे दिसत होते, आणि ते हसत होते.

"काय गं चोर! माझ्या गाडीत पेट्रोल होतं का तरी?"

"सॉरी. मला खरंच— दोन्ही एकसारख्या—"

"अगं, मागच्या वर्षी माझ्या नवऱ्यानं दवाखान्याबाहेर कुणाचीतरी नेली होती. घरी आणून धुतली! धुतल्यावर कळलं की रंग निळा आहे." ती स्वतःच खदखदून हसली, आणि तोंडातून निघालेली वाफ मफलरवर पांढरी झाली. "पण तुझी गाडी गरम होते हं छान. माझी म्हणजे फ्रीज आहे. बदलायची का कायमची?"

ओरिस्याचं लक्ष तिच्या खांद्यावरून पलीकडे, उघड्या दारातून आत गेलं. सीट पुढे होती. स्टिअरिंगला चिकटून. इतकी पुढे तिनं ती कधी पाहिलीच नव्हती. मागे एक पोकळी पडली होती आणि त्या पोकळीत, इतके महिने सीटखाली दडलेलं, तातोचं एक टरफल पडलं होतं.

"हां, सीट पुढे घेतली हं," लुझ म्हणाली. "पाय कुठे लागेनात. कुठला राक्षस चालवतो ही गाडी?"

"माझे वडील."

"उंच आहेत?"

"होते."

हा शब्द तिनं इतक्या महिन्यांत कुणासमोर उच्चारला नव्हता. इथे ओळखीतल्या सगळ्यांना आधीच माहीत होतं, कुणी विचारायचंच नाही. तो तोंडातून बाहेर पडला आणि वाफेसारखा दोघींच्या मध्ये उभा राहिला.

लुझनं 'अरेरे' म्हटलं नाही. ती एकदम वळली, गाडीच्या दारात गुडघे टेकून बर्फातच बसली आणि सीटखाली हात घातला. "कुठे होती? सांग, लावते. इथे?" खट्. "इथे?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? आठव. आणखी मागे? मी एकदम ओढली गं, बघितलं नाही."

"मी कधी मोजलंच नाही," ओरिस्या म्हणाली. पापण्यांवर पाणी आलं ते तिथेच गोठायला लागलं. वरची पापणी खालचीला चिकटली. उणे सदतीसमध्ये रडायचीसुद्धा पंचाईत असते. तिनं हातमोज्यानं डोळा चोळला. मागच्या सीटवरून एक मुलगी हे सगळं टक लावून बघत होती, पायात अजून स्केट्स, हातात एकच गुलाबी मोजा. ती आजीला म्हणाली, "लोला, ही रडतेय."

"तू गप, मायूमी. नाक पूस." लुझ उठली, गुडघ्यावरचा बर्फ झटकला आणि ओरिस्याच्या दंडाला धरून तिला गाडीकडे ढकललं. "बस. बस म्हणते ना! तूच चालवतेस ना रोज? त्याच जागी ठेवून? मग तुझ्या पायाला माहीत असणार. माझ्याकडे म्हातारे येतात, नाव विसरतात, बायको विसरतात, पण खुर्ची त्यांची हललेली लगेच कळते, बूड टेकायच्या आत. बस आणि मागे जा. जिथे दुखेल तिथे थांब."

ओरिस्या बसली. हात दांडीवर गेला. ज्या दांडीवरून तिनं ऑक्टोबरमध्ये हात काढून घेतला होता तीच, बर्फासारखी गार, मोज्यातूनही कळत होती. तिनं पाय ब्रेकवर ठेवला आणि सीट मागे ढकलली. खट्. पाय अजून अख्खा होता. खट्. टाच सुटली. खट्. आता चवडा. पाठ आपोआप पुढे आली, बूड काठाकडे सरकलं, आणि पुढच्या खटक्याला मांडीमागची ती शीर म्हणाली, आई गं. ओरिस्या थांबली. पुन्हा एक खाच मागे जाऊन पाहिलं. नाही, तिथे पाय नुसता हवेत. परत आली. हीच. शंकाच नाही. तिच्या डोक्याला गाडी ओळखता आली नव्हती, पण हे तिच्या मांडीनं जपून ठेवलं होतं, कुणाला न सांगता.

"मिळाली?" लुझनं विचारलं.

"मिळाली."

"दुखतंय?"

"हो."

"मग बरोबर आहे." लुझनं नातीला उचलून बाहेर काढलं. जाता जाता मुलगी दाराच्या खिशात डोकावून म्हणाली, "या गाडीत खार राहते का?"

ओरिस्यानं टरफलांकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली, "मोठी आहे. फार उंच."

"बघू?"

"आत्ता यार्डात गेलीय."

त्या दोघी गेल्या. जाताना लुझनं हॉर्न वाजवला, दोनदा, भांडल्यासारखा. ओरिस्या काठावर बसून राहिली. इथून घरापर्यंत सरळ रस्ता, मग पुलाखालचा उतार, तिथे नेहमी बर्फाची काच असते. इतके दिवस त्या उतारावर ती श्वास धरून जायची आणि खाली पोचल्यावर तिला वाटायचं, पाहिलंस, तातो, पोचला माझा पाय. पण आज तिला पहिल्यांदाच वाटलं की तो शेजारी बसला असता तर त्यानं काय पाहिलं असतं? आपल्या पोरीला सीटच्या टोकावर, चवड्यावर. तो ओरडला असता. तो आईपेक्षाही जोरात ओरडला असता. तिनं दांडी ओढली आणि पुढे आली. खटके वाजत गेले. ते तिनं मोजले नाहीत, आता मोजायची गरज नव्हती. पाठ टेकली. उतारावर ब्रेक लावला, अख्ख्या तळव्यानं, गाडी घसरली नाही. ती गुणगुणली मात्र नाही. तेवढं आजच कशाला.

घरी पोचल्यावर तिनं वायर भिंतीत खोचली, पिशव्या उचलल्या आणि मागच्या ओसरीतून आत गेली. ही ओसरी हिवाळाभर घरातला सगळ्यात मोठा फ्रीजर असते. फळीवर आंबवलेल्या कोबीच्या पिरोहींच्या पिशव्या रचल्या होत्या, मागच्या शनिवारच्या, त्याच्या मागच्या. ओरिस्या रोज त्यांच्या शेजारून जायची. कोबीच्या त्या आंबट वासानं तिला लहानपणापासून मळमळे. आई ताटात दोन घ्यायची आणि एक उरवायची. तरी आईची ऑर्डर तीच असायची आणि ओरिस्या ती आणायची, बर्फ उपसावा तशी.

आईनं पाणी उकळत ठेवलं होतं. "किती वेळ! मला वाटलं खांबावर आदळलीस."

"नाही आदळले. मामो, आज ना, मी कुणाची तरी गाडी पळवली!" आणि तिनं सगळं सांगितलं, हॉल, स्टेफा, निळी निघालेली गाडी, मांजर, खार, हातवारे करकरून, आईला हसवत. सीटचं तेवढं सांगितलं नाही. आईनं पिशवी फोडली, पिरोही पाण्यात सोडल्या, त्या वर आल्या, कांद्याच्या फोडणीत पडल्या, ताटात पडल्या, वर आंबट सायीचा गोळा. आईनं एक तोडली आणि थांबली.

"ह्या कोबीच्या नाहीत."

ओरिस्यानं पाहिलं. पिवळट, मऊ, बटाटा. "अय्या! आपल्या पिशव्या लुझच्या गाडीतच राहिल्या. ह्या तिच्या आहेत. तिला मिळाल्या असणार आपल्या."

आईनं तो तुकडा खाल्ला. मग दुसरा. मग भांड्यातून आणखी चार वाढून घेतल्या. आईनं चार घेतलेल्या ओरिस्यानं कधी पाहिल्या होत्या? खाली ताटाकडे बघतच आई म्हणाली, "मला ह्याच आवडायच्या. लग्नाआधी."

"मग?"

"मग काय. बोहदानला, तुझ्या तातोला, कोबीच्या लागत. दोन-दोन प्रकार कोण आणत बसणार."

पण मार्चनंतर? ओरिस्याच्या ओठांवर आलं होतं. तिनं नुसतं ओसरीच्या दाराकडे बघितलं, त्यामागे फळीवर रचलेल्या त्या पिशव्यांकडे. आईनं तिची नजर पकडली, आणि मग खिडकीतून बाहेर बघितलं, गाडीकडे. गाडीची काच अजून पुरती गोठली नव्हती. इथूनही दिसत होतं की सीट पुढे आहे. आईनं हातातला काटा ठेवला. कपडे देऊन टाकणारी आई, बूट देऊन टाकणारी आई. माप न अडखळता सांगणारी.

"स्टेफाला फोन कर," ती शेवटी म्हणाली. "पुढच्या शनिवारी अर्ध्या बटाट्याच्या सांग. आणि अर्ध्या... अर्ध्या नेहमीच्या."

ओरिस्यानं तोंडातला घास तसाच ठेवून फोन लावला. तिकडे भांड्यांचा गोंगाट होता, तेता स्टेफाला दोनदा ओरडून सांगावं लागलं.

"अर्ध्या-अर्ध्या?" तेता ओरडली. "बाई बाई! काय गं, पाहुणे येणार आहेत का कोणी?"

"नाही, तेता," ओरिस्या म्हणाली. "आम्ही दोघीच आहोत."